रुमालाखालचा नकार

मेळपट्टी बाजारात आली तेव्हा ती सगळ्यात आधी घेतली लग्न जुळवणाऱ्यांनी. पत्रिकेतले गुण मोजून दमलेल्या मंडळींना थेट मेंदूतले गुण मोजणारं यंत्र मिळालं. मुलगा-मुलगी समोरासमोर बसायची, दोघांच्या कपाळाला एकेक पट्टी, आणि पोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत पडद्यावर आकडा. त्यानंतर ती नोकरीच्या मुलाखती घेणाऱ्यांनी घेतली, मग शाळांनी, आणि सगळ्यात शेवटी, म्हणजे तिचा भाव उतरल्यावर, सरकारनं.

यंत्रामागचं विज्ञान खोटं नव्हतं, हे आधीच कबूल केलेलं बरं. माणूस विचार करतो, ऐकतो, समजून घेतो तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागात रक्ताचा पुरवठा कमीजास्त होत असतो. कपाळावरून सौम्य प्रकाश आत सोडला की तो कवटी ओलांडून थोडा खोल जातो आणि परत येतो. किती परत आला, यावरून आतल्या रक्तात प्राणवायू किती आहे ते कळतं. दोन माणसं एकमेकांशी बोलत असताना दोघांच्या कपाळावरून अशी नोंद घेतली, तर एक गंमत दिसते. बोलणं जुळलं की दोघांच्या लाटा हळूहळू एका चालीनं वरखाली होऊ लागतात. रस्त्यानं गप्पा मारत निघालेल्या दोघांची पावलं नकळत जुळतात, तशा. या जुळण्याला शून्य ते शंभर असा आकडा द्यायचा, की झाला मेळांक.

इथवर सगळं ठीक. पुढचं काम माणसांनी केलं. आकडा निघायचा दोघांचा, आणि लिहिला जायचा एकाच्या नावावर. भागीदारीतला सगळा तोटा एकट्याच्या खात्यावर टाकायचा, असा हिशेब सांगलीच्या मार्केट यार्डातल्या सगळ्यात बिलंदर दिवाणजीलाही सुचला नसता. सुचला असता, तर निदान त्याला लाज वाटली असती. इथं मात्र त्याचा कायदा झाला. मेळांक पस्तिसाच्या खाली असलेल्या प्रौढ माणसाची संमती 'अग्राह्य' धरायची आणि त्याच्या वतीनं, जिल्हा संमती समितीच्या परवानगीनं, जवळच्या नातेवाइकानं निर्णय घ्यायचा. पास व्हायला पस्तीस. शाळेतून काही माणसं बाहेरच पडत नाहीत.

"एकोणीस आला, ताई," प्रणव चौगुले खुर्चीत बसता बसता म्हणाला.

"कुणाचा?" डॉक्टर केतकी आवटींनी विचारलं.

"कुणाचा म्हणजे? ओजसचा."

"आणि समोर कोण बसलं होतं?"

"परीक्षक. पुण्याहून आले होते कोणीतरी."

"मग त्यांचाही एकोणीसच आला असणार. त्यांच्या घरी कळवलंस की नाही? बिचारे नापास झाले."

प्रणवला हसू आलं नाही. तो हळदीचा निर्यातदार. चौगुल्यांची अडत मार्केट यार्डात केतकीच्या वडलांच्या दुकानाला लागून होती, म्हणून तो तिला ताई म्हणायचा. आणि तिच्याकडून सही हवी होती, म्हणून आज जरा जास्तच वेळा म्हणत होता.

ओजस त्याचा धाकटा भाऊ. वय सव्वीस. तो बोलत नाही. कधीच बोलला नाही. डॉक्टर लोक त्याला स्वमग्न म्हणत. केतकीला या शब्दाचा राग होता. ती म्हणे, मग्न आहे खरा, पण स्वतःत कुठं, तारेत आहे. मिरजेच्या एका सतारीच्या कारखान्यात ओजस जवारी काढायचा. सतारीच्या तारा ज्या हाडाच्या पट्टीवरून जातात तिचा पृष्ठभाग कानसून असा उतार द्यायचा, की तारेचा आवाज मोकळा, झणझणीत निघावा. कानस एक हात जास्त फिरली की आवाज मेला. ओजसला पंख्याची घरघर, कुकरची शिट्टी, लग्नातला बँड सहन होत नसे, तो कान झाकून घराबाहेर पडे. त्याच कानांवर कारखान्याचा धंदा चालला होता.

"ताई, तुमचं मत लागतंय समितीपुढं," प्रणव म्हणाला. "चार वर्षं तो तुमच्याकडं येतोय. तुम्ही लिहून दिलंत की शमन बसवायला हरकत नाही, तर काम सोपं होतंय."

शमन म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी चकती. कानामागच्या कातडीखाली बसवायची. ती तिथल्या शिरेला सतत बारीक विद्युतस्पंद देत राहते, त्यामुळे मेंदू आवाजाला आणि गर्दीला कमी दचकतो, माणूस समोरच्याकडे जास्त वेळ बघतो, हात हलवणं, डुलणं थांबतं. जाहिरातीत एक आई रडत रडत हसायची. जाहिरातीत न सांगितलेली गोष्ट अशी, की काही महिन्यांनी चकती काढली तरी ऐकण्यातली धार पूर्वीसारखी परत येत नाही. मेंदूला नव्या वळणाची सवय लागलेली असते.

"तुला घाई कसली आहे?"

"रॉटरडॅमला दोन वर्षांचं काम मिळालंय. मी आणि मानसी जातोय. याला एकट्याला कसं ठेवू? पुण्यात अशांसाठी निवास आहे, तिथं शमन असल्याशिवाय घेत नाहीत. मी काय त्याचं वाईट चिंततोय होय?"

"त्याला विचारलंस?"

"विचारलं की."

"काय म्हणाला?"

प्रणवनं टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसरीकडे ठेवला. "नाही म्हणतोय. मान हलवतोय, उठून जातोय. पण ताई, त्याच्या नाहीला काय अर्थ? एकोणीस आलाय."

केतकी जराशी पुढे झुकली. ती रागावली की तिचा आवाज चढत नसे, खाली जाई. ज्यांना हे ठाऊक होतं ते तेवढ्यात चपला शोधू लागत.

"गेल्या वर्षी गोडाऊनच्या जागेवरचा हक्क त्यानं तुझ्या नावे सोडला. सही केली. तुला कर्ज हवं होतं. तेव्हा पट्टी लावली होतीस?"

"तेव्हा... तेव्हा तो हो म्हणाला होता."

"म्हणजे हो म्हणाला तेव्हा शहाणा, आणि नाही म्हणाला की अजाण. होकाराला शून्य गुण चालतात. नकाराला पस्तीस लागतात. छान आहे. हा नियम माझ्या लग्नाच्या वेळी माझ्या आत्याला सापडला नाही, हे माझं नशीब."

"ताई, तुम्ही चिडताय."

"हो. मी चिडले आहे. हे तरी तुला पट्टीशिवाय कळलं."

प्रणव सही न घेता गेला. जाताना दार आपटलं नाही, तो तसा सभ्य माणूस. सभ्य माणसांनी शांतपणे केलेल्या गोष्टींचा हिशेब लागायला पुढं वेळ लागतो, एवढंच.

केतकीच्या दवाखान्यात समोरासमोर खुर्च्या नव्हत्या. दोन खुर्च्या शेजारी शेजारी, खिडकीकडे तोंड करून. नवा माणूस आला की आधी त्याला वाटे आपण एस. टी.ची वाट बघायला बसलोय. बोलायचं असेल तर बोला, नसेल तर बाहेरचं चिंचेचं झाड बघा. डुला, पाय हलवा, पाठ करून बसा. कुणाला कसं बसायचं ते शिकवायला ती मानसतज्ज्ञ झाली नव्हती.

लहानपणी तिला मात्र खूप शिकवलं होतं. पाचवीपर्यंत ती शाळेत एक अक्षर बोलली नाही. बाईंच्या डोळ्यांत बघायला सांगितलं की तिला ओरडल्यासारखं वाटे, म्हणून ती दोन भुवयांच्या मधल्या कुंकवाकडे बघायला शिकली, आणि बाईंनी प्रगतिपुस्तकात 'आत्मविश्वास वाढला' असं लिहिलं. ज्या दिवशी बाई कुंकू न लावता आल्या त्या दिवशी आत्मविश्वास परत कमी झाला. घरी आई काळजी करी, आत्या नवस बोले. वडील, अण्णा आवटी, दोन्ही करत नसत. ते सुट्टीच्या दिवशी तिला यार्डात घेऊन जात.

यार्डात तेव्हा हळदीचे सौदे रुमालाखाली चालत. घेणारा आणि विकणारा जवळ उभे राहत, दोघांच्या हातांवर रुमाल पडे, आणि आत बोटांची धराधरी सुरू. कुठलं बोट धरलं, किती बोटं धरली, त्यावर भाव. तोंडं गप्प. अण्णा आकाशाकडे बघत, समोरचा व्यापारी पोत्याकडे. भोवती वीसजण उभे असले तरी सौदा फक्त दोघांचा. मग रुमाल निघे, आणि जमलं असेल तर पोती हलत. छोट्या केतकीला वाटे, मोठी माणसं अशीच बोलत असतील तर मोठं व्हायला आपली हरकत नाही. अण्णांनी तिला घरी जेवायच्या आधी रुमालाखाली विचारायला सुरुवात केली. आज शाळेत कुणी रडवलं का. उद्या जायचंय का. तिनं शब्दांच्या आधी बोटांनी बोलायला शिकून घेतलं. शब्द नंतर आले, त्यांच्या सवडीनं.

पुढे पुण्यात मानसशास्त्र शिकताना एका संस्थेत तिनं उमेदवारी केली. तिथं मुलांनी डोळ्यांत बघितलं की चॉकलेट मिळे. हात हलवला की चॉकलेट काढून घेत. केतकीनं एकदा तिथल्या प्रमुखांना विचारलं, "सर, तुम्ही मीटिंगमध्ये सारखा पाय हलवता. तुमचं चॉकलेट कोण काढून घेतं?" तिची उमेदवारी तिथंच संपली. आपण स्वतः त्या मुलांच्याच घडणीच्या आहोत हे तिला एकतिसाव्या वर्षी, दुसऱ्या कुणाची तरी तपासणी करताना कळलं. त्या दिवशी तिला फार आनंद झाला. आपण बिघडलेलं घड्याळ नसून व्यवस्थित चालणारं होकायंत्र आहोत असं कळल्यावर कुणालाही होईल तेवढा.

तिच्या उपचारांत म्हणूनच माणसाला सरळ करणं नव्हतं. त्रास होतो का, कशाचा होतो, तो कमी करायला जग किती सरकेल आणि तुम्हाला किती सरकायचंय, एवढी तडजोड ती बघे. आणि न बोलणाऱ्यांसाठी अण्णांचा रुमाल होता. भाव काढून टाकून तिनं बोटांना सोपे अर्थ दिले होते. तर्जनी धरली की हो. तळहात दाबून लोटला की नाही. अंगठ्याला चिमटा म्हणजे प्रश्न नीट नाही, पुन्हा विचार.

त्या आठवड्यात ओजस आला तेव्हा दोघं खिडकीकडे तोंड करून बसली. ओजस पुढे-मागे डुलत होता. केतकीनं रुमाल टाकला.

"शमन बसवायचं आहे?"

तळहात लोटला गेला.

तिनं वेळ जाऊ दिला, मग उलटून विचारलं, "शमन नको आहे?"

तर्जनी.

"दादाला बरं वाटावं म्हणून बसवशील?"

अंगठ्याला चिमटा. तो इतका जोरात, की ती कळवळली.

"बरोबर आहे, माझा प्रश्न चुकला. दादाला बरं वाटावं, असं तुला वाटतं?"

तर्जनी.

"त्यासाठी शमन?"

तळहात. आणि मग तो हात परत आला नाही, रुमालाबाहेर पडून पुन्हा आपल्या मांडीवर ताल धरू लागला. विषय संपला होता. विषय इतक्या स्वच्छपणे संपवणारी माणसं केतकीला कमी भेटली होती, आणि त्यांतल्या कुणालाच पस्तीस मिळाले नसते.

जिल्हा संमती समितीची सुनावणी दुपारी होती. समिती तिघांची. एक सदस्य रजेवर, दुसरे पडद्यावरून हजर, पण सुरुवातीलाच त्यांचं चित्र तोंड उघडं असताना गोठलं आणि शेवटपर्यंत तसंच राहिलं. त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. उरले अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश कानिटकर. कोपऱ्यात यंत्राची तंत्रज्ञ, शेहनाज मुजावर, पट्ट्या पुसत होती. नवी नोकरी, इस्त्रीचा कुर्ता, आणि यंत्राबद्दल दुसऱ्याच्या बाळाला जपावं तशी काळजी.

"डॉक्टर आवटी," अध्यक्ष म्हणाले, "तुमचं म्हणणं वाचलं. हा गृहस्थ नकार देतोय आणि तो समजून देतोय, असं तुम्ही म्हणता. रुमालाखाली, बोटांनी. मला सांगा, बाहेरच्या देशांत अशी प्रकरणं झाली आहेत ना? मदत करणारा हात धरतो, आणि नकळत स्वतःचंच बोलतो. त्या बिचाऱ्याच्या तोंडी घालतो."

"झाली आहेत," केतकी म्हणाली. "फार नुकसान झालंय त्यानं. तुमची शंका शंभर टक्के योग्य आहे. म्हणून माझा हात नकोच. तुमचा घाला."

"माझा?"

"मी बाहेर जाते. प्रणवही येईल बाहेर. तुम्ही त्याला असं काहीतरी विचारा, की ज्याचं उत्तर मला ठाऊक असण्याची शक्यताच नाही. फक्त त्याच्याकडे टक लावून बघू नका. शेजारी बसा."

कानिटकरांनी आयुष्यभर साक्षीदारांना समोर उभं केलं होतं. ते उठले, खुर्ची ओढत आणली आणि ओजसच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून बसले. शेहनाजनं दोघांना पट्ट्या लावल्या. सगळ्यांना बोटांचे तीन अर्थ सांगून केतकी प्रणवला घेऊन बाहेर गेली.

अध्यक्षांनी खिशातून गाडीची किल्ली काढून रुमालाखाली त्याच्या हातात दिली. "हे पेन आहे?"

तळहात लोटला गेला.

"किल्ली?"

तर्जनी. मग त्यांनी चष्म्याचं घर दिलं, आणि हा रुमाल आहे का, विचारलं. मग रिकामा हात पुढं केला आणि विचारलं, मी काही दिलंय का. प्रत्येक उत्तर बरोबर आलं. न्यायाधीशांना रंग चढला.

"तुला तुझ्या कामात समाधान आहे की नाही, आणि असल्यास पुण्याला जायला तुझी हरकत का आहे?"

अंगठ्याला असा चिमटा बसला की अध्यक्ष "अरे!" म्हणून उडाले. कोपऱ्यात शेहनाजला हसू फुटलं. तीस वर्षांच्या नोकरीत 'प्रश्न नीट विचारा' असं त्यांना कुठल्या साक्षीदारानं सांगितलं नव्हतं. त्यांनी प्रश्न तोडून विचारला, आणि उत्तरं मिळाली.

केतकी आणि प्रणव आत आले तेव्हा शेहनाज यंत्राच्या पडद्यासमोर उभी होती, ओठ आवळून.

"काय आला मेळांक?" अध्यक्षांनी विचारलं.

"कोरा आहे, सर. नोंदच नाही."

"पण आम्ही तर एवढा वेळ बोललो!"

"तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हता, सर. तुम्ही भिंतीकडे, ते त्या बंद पंख्याकडे. चेहरे समोरासमोर नसतील तर यंत्रातला कॅमेरा तेवढा भाग आपोआप गाळतो. गोंगाट समजून."

"गाळलेलं कुठं जातं?" केतकीनं विचारलं.

"साठवतो, पण वापरत नाही, मॅडम."

"उघड की."

शेहनाजनं अध्यक्षांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. तिनं ते उघडलं. पडद्यावर दोन लाटा उमटल्या, एक निळी, एक नारिंगी. सुरुवातीला दोघी आपापल्या वाटेनं, किल्लीपाशी जवळ आलेल्या, आणि चिमट्यानंतर एकमेकींना चिकटून, वर जाताना वर, खाली येताना खाली. बाजूला आकडा होता. एकाहत्तर.

अध्यक्षांचं तोंड उघडं राहिलं. पडद्यावरचे दुसरे सदस्यही तोंड उघडंच ठेवून होते.

"हे ग्राह्य नाही, सर," शेहनाज हळू आवाजात म्हणाली. "नियमाप्रमाणे हा कचरा आहे. नजर नाही म्हणजे लक्ष नाही, असं धरलंय त्यात."

"कुणी धरलंय?" केतकीचा आवाज आता फारच खाली गेला होता. "आंधळा माणूस कुणाशी बोलत नाही? फोनवर बोलताना तू कुणाच्या डोळ्यांत बघतेस? स्वयंपाकघरात दोन बायका कणीक मळत, भिंतीकडे तोंड करून आयुष्यभराची सुखदुःखं बोलतात; त्यांचा मेळांक काय, कोरा? मेळ होतोय, तुमच्या यंत्राला तो दिसतोय, आणि तुम्ही तो पुसून टाकताय. वर सांगताय, याच्यात मेळ नाही. किती माणसांचं असं पुसलंत? किती जणांच्या कानामागं चकती बसली ह्या कचऱ्याच्या जोरावर?"

"मॅडम, मी ते बनवलं नाही." शेहनाजचे डोळे भरले.

"ठाऊक आहे मला. बनवणारा कधीच खोलीत नसतो."

कानिटकरांनी कपाळावरची पट्टी काढली, घडी घातली आणि मेजावर ठेवली. त्यांचा चेहरा आता परत न्यायाधीशाचा झाला होता, म्हणजे त्यावरून काही कळत नव्हतं.

"डॉक्टर, मी जे अनुभवलं ते अनुभवलं. पण यंत्राचा नियम बदलण्याचा अधिकार या समितीला नाही. नियमानुसार त्याचा मेळांक एकोणीस आहे."

"म्हणजे तुम्ही त्याच्याशी बोललात, त्यानं तुम्हाला उत्तरं दिली, आणि तरी कायद्यानं तो बोलला नाही?"

"कायद्यानं, नाही." त्यांनी चष्मा पुसला. "माझ्या हातात एवढंच आहे, की निर्णय देण्यापूर्वी अर्जदाराला एकदा विचारायचं. श्री. प्रणव चौगुले, तुमचा अर्ज कायम आहे?"

सगळी खोली प्रणवकडे वळली. त्यानं फक्त कायम म्हणायचं होतं. विमानाची तिकिटं काढली होती, निवासात जागा धरून ठेवली होती. तो ओजसकडे बघत होता, आणि ओजस पंख्याकडे.

"मला विचारू दे त्याला," प्रणव म्हणाला.

"विचारा की."

"तसं नव्हे. रुमालाखाली."

तो भावाच्या शेजारी जाऊन बसला. आजोबांकडून त्यानं यार्डातली बोटं शिकली होती, परदेशी खरेदीदारांना जेवणावळीत तो ती गंमत म्हणून दाखवायचा. भावाचा हात मात्र असा कधी धरला नव्हता. भावाशी कसला आलाय सौदा, ही त्याची समजूत.

"कॅमेरा लावू?" शेहनाजनं विचारलं. "रुमाल थोडा वर घेतला तर बोटं दिसतील. नोंदीला बरं पडेल."

"हो, रुमाल बाजूला केला तर समितीलाही कळेल," अध्यक्ष म्हणाले.

"नाही," केतकी म्हणाली.

"पारदर्शकता नको?"

"तुम्ही घरात निर्णय घेता तेव्हा कुणाला दाखवून घेता, साहेब? आतापर्यंत त्याचं सगळं उघड्यावर झालं. त्याची झोप, त्याचं रडणं, त्याचा संडास, सगळ्यावर कुणी ना कुणी टिपण केलंय. एक बोलणं झाकलेलं राहू दे."

अध्यक्षांनी हात वर केले. रुमाल पडला.

आत काय झालं ते सांगता येणार नाही. बाहेरून दिसलं ते एवढंच: सुरुवातीला प्रणव घाईत होता, ओजसच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होता, त्याचं कोपर सारखं हलत होतं, पटवणाऱ्या माणसाचं हलतं तसं. मग ते मंदावलं. एकदा त्यानं हात काढून घ्यायचा प्रयत्न केला असावा, कारण रुमाल ताणला गेला. पण आतल्या हातानं सोडलं नाही. प्रणवच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ओजस आता डुलत नव्हता. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज एरवी तो सहन करत नसे, आज त्याकडेही त्याचं लक्ष नव्हतं. मग बराच वेळ कोपर अजिबात हललं नाही. फक्त प्रणवनं मोकळ्या हातानं डोळे पुसले, आधी एक, मग दुसरा, चष्मा न काढता, काचेच्या खालून बोट घालून.

रुमाल निघाला.

"काय म्हणाला?" अध्यक्ष पुढे झुकले होते. सदुसष्ट वर्षांच्या माणसाच्या चेहऱ्यावर इतकी उघडी उत्सुकता शोभत नव्हती.

"ते सांगत नसतात, साहेब," प्रणव म्हणाला. "मी अर्ज मागं घेतो."

निकालाचा कागद तिथल्या तिथं निघाला. अर्ज मागे घेतल्यामुळे प्रकरण निकाली. यंत्राच्या विश्वासार्हतेबाबत समिती कोणतंही मत व्यक्त करत नाही. केतकीनं तो दोनदा वाचला आणि तिच्या लक्षात आलं की एक माणूस सुटला आहे आणि बाकी सगळं जागच्या जागी आहे. पट्ट्या पुसून पुन्हा ओळीत ठेवल्या जात होत्या.

"शेहनाज, आजवरचं गाळलेलं सगळं मला हवंय. या जिल्ह्यातलं."

"अर्ज करावा लागेल, मॅडम."

"करते."

"नामंजूर होईल."

"तेही लेखी हवंय."

शेहनाजनं इकडेतिकडे पाहिलं आणि कुजबुजली, "अर्जात ते कुठल्या नावानं मागायचं ते मी सांगते. बाहेर थांबा."

बाहेर बाकावर पुढचं प्रकरण बसलं होतं. चाळिशीची एक बाई, हातात पाण्याची बाटली घट्ट धरलेली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना तिचे दोन दीर, तिच्या भल्यासाठी आलेले. त्यांची नावं पुकारली गेली. दार लोटलं गेलं आणि आतून आवाज आला, "समोर बघा, मावशी. समोर. साहेबांकडे बघा." केतकी पायरीवरून मागे फिरली. आत जायची तिला परवानगी नव्हती. तिनं दार न वाजवताच उघडलं.

पायऱ्यांवर दोघे भाऊ राहिले. प्रणवला काहीतरी बोलायचं होतं. त्यानं दोनदा घसा साफ केला. शेवटी खिशातून हातरुमाल काढला, तो जेमतेम वीतभर, त्यावर कसल्याशा हॉटेलचं नाव. तो दोघांच्या हातांवर पुरत नव्हता. प्रणवनं तो कसाबसा टाकला आणि रस्त्यावरच्या रिक्षांकडे बघत म्हणाला, "घरी चल की जेवायला. मानसीनं तुझ्यासाठी बासुंदी केलीय."

ओजसनं तळहात लोटला.

प्रणवच्या तोंडावर 'अरे पण' आलं. सव्वीस वर्षं ते नेहमी त्याच जागी यायचं. बासुंदी होती, मानसी वाट बघत होती, रॉटरडॅमचं काय करायचं ते दोघांनी बसून ठरवायचं होतं, आणि आजच्या दिवशी तरी त्यानं यायला हवं होतं. ही सगळी कारणं चांगली होती. नाही म्हणायला ओजसकडे कुठलंच कारण नव्हतं, किंवा असेल तर त्यानं ते दिलं नव्हतं.

"बरं," प्रणव म्हणाला.

ओजस पायऱ्या उतरून मिरजेच्या बसकडे निघाला.